वस्तऱ्याची खीळ

स्मरणिकेत इतिहासाचा लेख म्हटला की वाचकांना गड-किल्ले, तहनामे आणि तलवारी अपेक्षित असतात. यंदा त्या सगळ्यांना दुरून नमस्कार करून आम्ही एका फार लहान लोखंडाविषयी लिहिणार आहोत. दुमडून दांडीत बसणारा जुना वस्तरा आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. त्याचे पाते आणि दांडी यांना एकत्र धरणारी एक खीळ असते. जाडी जेमतेम दीड मिलिमीटर, लांबी करंगळीच्या नखाएवढी. ही खीळ सैल झाली की उत्तमातला उत्तम वस्तरा निकामी होतो. पाते डुलू लागते, दांडीच्या मधोमध बसत नाही, बंद करताना धार दांडीला घासते आणि बोथट होते. मग एक दिवस तो वस्तरा डबल बेडच्या पोटात किंवा माळ्यावरच्या ट्रंकेत जातो आणि तिथून भंगारवाल्याकडे.

हैदराबादेत तीन-तीन, चार-चार पिढ्या नांदलेली आपली कुटुंबे आहेत. कुणाचे आजोबा निजामाच्या महसूल खात्यात, कुणाचे वकिलीत, कुणाचे शाळामास्तर. त्यांच्या ट्रंकांमधून पितळी अडकित्ते, शाईच्या दौती, मोडी कागद आणि कधीकधी एखादा वस्तराही निघतो. आमचा डिप्लोमा यंत्रशाखेचा आणि नोकरी राज्य सरकारची. सुट्टीच्या दिवशी अशा जुन्या वस्तू उघडून पाहण्याचा आम्हाला नाद आहे. मंडळातील परिचितांकडचे काही वस्तरे त्यामुळे हातात आले. प्रत्येकाची तक्रार एकच होती : ‘हलतो.’ या हलण्याचा मागोवा घेता घेता जे हाती लागले ते येथे मांडत आहोत.

शब्द कुठून आला

‘वस्तरा’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. फारसीत उस्तुरा. आपल्या शहरातील दखनी बोलणारे कारागीर आजही उस्तराच म्हणतात. त्याआधीचा आपला शब्द क्षुर. तो ऋग्वेदात आहे, आणि ग्रीक भाषेतला वस्तऱ्याचा शब्द त्याचा सख्खा भाऊ मानला जातो. मराठीतले सुरा आणि सुरी हे त्याच क्षुराचे वंशज. कठोपनिषदात आत्मज्ञानाच्या वाटेला वस्तऱ्याच्या धारेची उपमा दिली आहे. सॉमरसेट मॉम यांच्या १९४४ सालच्या प्रसिद्ध इंग्रजी कादंबरीचे नाव त्याच उपमेवरून घेतलेले आहे. म्हणजे धार फार जुनी.

दुमडणारा वस्तरा मात्र त्या मानाने अलीकडचा. आज आपल्या ट्रंकांत सापडतो त्या रूपाला खरी भरभराट आली ती अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात, इंग्लंडमधील शेफिल्ड आणि जर्मनीतील झोलिंगेन या दोन गावांत. तिथल्या कारागिरांनी पात्याला शेपटी दिली, दोन पट्ट्यांची दांडी केली आणि मध्ये खीळ घातली. दाढी झाली की धार दांडीच्या पोटात सुरक्षित राहते आणि वस्तरा खिशात घालून कुठेही नेता येतो, एवढी सोय त्या एका खिळीने केली.

शेफिल्डचे पोलाद आणि आपले उक्कु

वस्तऱ्याला लागणारे पोलाद साधे चालत नाही. धार केसापेक्षा बारीक व्हावी लागते, आणि पोलादात कुठे राख-कीट अडकलेले असेल तर नेमकी तिथेच ती तुटते. शेफिल्डजवळ बेंजामिन हंट्समन नावाचा घड्याळजी होता. घड्याळाच्या स्प्रिंगा तुटतात म्हणून वैतागून त्याने १७४० च्या सुमारास पोलाद मुशीत पूर्ण वितळवून ओतण्याची रीत बसवली. वितळलेल्या पोलादातील कीट वर येते आणि खाली राहतो तो एकजिनसी धातू. शेफिल्डच्या कारागिरांना हे पोलाद आधी फार कडक वाटले. फ्रेंच कारागीर ते घेऊन चांगला माल करू लागले तेव्हा शेफिल्डकरांचे डोळे उघडले, असे सांगतात. पुढे याच पोलादावर शेफिल्डच्या वस्तऱ्याने जग जिंकले.

आता गंमत पाहा. मुशीतले पोलाद आपल्या या भागाला कित्येक शतके आधीपासून ठाऊक होते. तेलुगू आणि कन्नडमध्ये पोलादाला उक्कु म्हणतात. इंग्रजांनी त्याचे ‘वूट्झ’ केले. निजामाबाद म्हणजे जुन्या इंदूर जिल्ह्यात कोनासमुद्रम् नावाचे गाव आहे. आपल्यातील बोधन-निजामाबादकडच्या मंडळींना ते माहीत असेल. तेथे मातीच्या बंद मुशींत लोखंड आणि कोळसा घालून, दीर्घकाळ तापवून, सावकाश निववून पोलादाच्या वड्या केल्या जात. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाबरोबर फिरणारे डॉक्टर आणि भूशास्त्रज्ञ हेन्री व्हॉयसी यांनी १८२० च्या दशकाच्या आरंभी ही भट्टी पाहिली आणि तिचे वर्णन लिहून ठेवले. इराणी व्यापारी हे पोलाद विकत घ्यायला थेट त्या गावात येत.

या पोलादाचा आणि वस्तऱ्याचा संबंध मुंबईमार्गे जोडला गेला. मुंबईतील डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी १७९४ च्या सुमारास वूट्झचे नमुने लंडनला सर जोसेफ बँक्स यांच्याकडे धाडले. जॉर्ज पिअरसन यांनी त्यावर १७९५ मध्ये रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचला. नमुने तपासणाऱ्यांत लंडनमधील एक नामांकित शस्त्रकार होते, जेम्स स्टोडार्ट. वैद्यांची हत्यारे करणे हा त्यांचा धंदा. हिंदुस्थानी पोलादाच्या धारेवर ते इतके खूश झाले की आपल्या दुकानाच्या जाहिरातीत त्याचे नाव टाकू लागले. पुढे याच स्टोडार्ट यांनी एका तरुण शास्त्रज्ञाला हाताशी धरून पोलादात निरनिराळे धातू मिसळण्याचे प्रयोग केले. तो तरुण म्हणजे मायकेल फॅरडे. विजेच्या जनित्राशी ज्यांचे नाव आपण शाळेत जोडतो ते फॅरडे १८१९ ते १८२२ या काळात वूट्झचे रहस्य शोधत पोलाद वितळवत होते. पोलादाच्या पाचशे भागांत एक भाग चांदी घातली तर धातू चांगला होतो, असे त्यांनी नोंदवले. आपल्या पोलादाचे वस्तरे करवून त्यांनी मित्रांना भेटही दिले. जुन्या शेफिल्ड वस्तऱ्यांवर ‘सिल्व्हर स्टील’ असे जे शब्द दिसतात त्यांचे मूळ या प्रयोगांत आहे. सगळ्याच कारखानदारांनी खरोखर चांदी घातली असेल असे समजण्याचे कारण नाही. जाहिरात तेव्हाही जाहिरातच होती. पण आपल्या ट्रंकेतला वस्तरा आणि आपल्या शेजारच्या जिल्ह्यातली मूस यांच्यात असा धागा आहे.

खीळ कोण ठोकत असे

शेफिल्डमध्ये एक वस्तरा एका माणसाच्या हातून तयार होत नसे. लोहार पाते घडवी, दुसरा त्याला पाणी देई, तिसरा फिरत्या दगडावर घासून पोकळ करी. सर्वात शेवटी दांडी बसवणारा शिंगाच्या किंवा हाडाच्या दोन पट्ट्या जुळवून, एका टोकाला पाचर घालून, दुसऱ्या टोकाला पात्याची खीळ ठोकी. हे कारागीर बहुधा लहान-लहान खोल्या भाड्याने घेऊन काम करत. त्यांना तिकडे ‘लिटल मेस्टर’ म्हणजे छोटे मालक म्हणत. झोलिंगेनमध्येही वुपर नदीच्या काठी पाणचक्कीवर चालणाऱ्या घासकामाच्या झोपड्या होत्या.

या कामाची किंमत मोठी होती. घासणाऱ्यांच्या फुफ्फुसात दगडाची आणि धातूची धूळ जाई. शेफिल्डचे डॉक्टर कॅल्व्हर्ट हॉलंड यांनी १८४३ मध्ये या रोगावर पुस्तक लिहिले. कोरड्या दगडावर काम करणारे तरुणपणीच दगावत. वस्तऱ्याचे काही घासकाम ओल्या, तर काही कोरड्या दगडावर होई. आपण आज जे पाते उजेडात धरून ‘काय सुरेख पोकळ घासले आहे’ म्हणतो, ते कुणाच्या तरी श्वासातून आलेले आहे.

दाढी कोण करी

येथे आपल्या घरातल्या वस्तऱ्याला एक प्रश्न विचारला पाहिजे : हा घरात आलाच कसा?

आपल्या जुन्या व्यवस्थेत बहुतेक घरांत कुणी स्वतःची दाढी करत नसे. न्हावी हा बारा बलुतेदारांपैकी एक. तो धोकटी घेऊन ठरलेल्या दिवशी येई. धोकटीत वस्तरा, कातर, नराणी, आरसा, वाटी, धार लावायची पथरी आणि चामोटा. अंगणात किंवा ओटीवर बसून श्मश्रू होई आणि वर्षाकाठी बलुते मिळे. लग्नात, बारशात, सुतकात त्याचे काम ठरलेले. फोड कापणे, रक्त काढणे हेही त्याच्याकडेच. युरोपातही असेच होते. लंडनमध्ये १५४० पासून न्हावी आणि शल्यवैद्य यांचा एकच संघ होता, तो १७४५ मध्ये विभागला.

स्वतःची दाढी स्वतः करावी हा विचार युरोपात अठराव्या शतकात जोर धरू लागला. पॅरिसचे शस्त्रकार झां-झाक पेरे यांनी १७६९ मध्ये त्यावर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. आपल्याकडे ती चाल इंग्रजी शिक्षण, कचेरीची वेळ आणि रेल्वेचा प्रवास यांच्याबरोबर आली. दहा वाजता कचेरीत हजर व्हायचे तर न्हाव्याची वाट कोण पाहणार? म्हणून आजोबांच्या ट्रंकेतला विलायती वस्तरा हा नुसता शौकाचा पुरावा नाही. गावातले बलुत्याचे नाते सुटून शहरातली नोकरी सुरू झाली, याची ती खूण आहे. आपली कुटुंबे गाव सोडून या शहरात आली त्याच काळाची.

याच वस्तऱ्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ती न सांगता हा लेख पुरा झाला असे आम्हाला म्हणवणार नाही. आपल्या समाजातील कित्येक घरांत विधवा स्त्रीचे केशवपन होई. कधी ती बाई नव्हे, मुलगी असे. ते काम न्हाव्यालाच करावे लागे. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक बंधूंची सभा भरली आणि यापुढे विधवांचे केशवपन करायचे नाही असा निर्धार त्यांनी केला. लोखंडे म्हणजे सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते, ‘दीनबंधू’ पत्राचे संपादक आणि गिरणी कामगारांचे पुढारी. सुधारकांची व्याख्याने आणि सनातन्यांचे खंडन-मंडन चालू असताना, ज्यांच्या हातात प्रत्यक्ष वस्तरा होता त्यांनी तो खाली ठेवला. बलुत्यावर आणि यजमानांच्या मर्जीवर ज्यांचे पोट, त्यांनी हे केले. आपल्या पणज्यांपैकी किती जणींचे केस कोणाच्या नकारामुळे वाचले, याचा हिशेब कुठल्याही दप्तरात नाही.

नाभिक समाजाचे आपल्यावरचे ऋण एवढेच नाही. प्रतापगडावरचे जिवा महाला आणि पन्हाळ्याचे शिवा काशीद ही नावे मुलांना सांगितली जातात. संत सेना महाराजांनी आपल्याच धंद्याची रूपके करून अभंग रचले आणि वारकरी परंपरेत मानाचे स्थान मिळवले. तरीही आपल्या बोलीत ‘बिनपाण्याने हजामत’ सारखे शब्दप्रयोग मात्र थट्टेचेच उरले.

खीळ सैल होते तेव्हा

आता मूळ तक्रारीकडे येऊ. खीळ सैल का होते? उघडझाप होऊन पात्याचे भोक आणि खीळ दोन्ही झिजतात. शिंगाची दांडी आपल्याकडच्या उन्हाळ्यात कोरडी पडून आकसते किंवा वाकते. वस्तरा हातातून पडला तर खिळीचे फुलवलेले डोके किंचित उचलले जाते. आणि पावसाळ्यात सांध्यात पाणी राहिले की आतल्या आत गंज चढतो.

दुरुस्तीचा पहिला नियम असा की आधी साफ करावे, मग पाहावे. पात्याच्या धारेला जाड कागदाची किंवा टेपची पट्टी लावून घ्यावी, कारण या कामात सर्वांत आधी बोट कापते. सांध्यात शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडून पाते हळूहळू उघडमीट करावे, वर आलेली काळी घाण मऊ कापडाने टिपावी. पुष्कळदा पाते वाकडे बसण्याचे कारण नुसता साठलेला मळच असतो.

एवढ्याने भागले नाही तर हातोडी. खिळीच्या दोन्ही टोकांना बारीक वायसर असतात आणि त्यांवर खिळीचे टोक ठोकून घुमटासारखे फुलवलेले असते. एका बाजूचे डोके लहान ऐरणीवर किंवा जाड पोलादी तुकड्यावर टेकवावे आणि वरच्या डोक्यावर अगदी हलक्या, गोल तोंडाच्या हातोडीने टिचक्या माराव्यात. मारा मध्यभागी न करता कडेकडेने फिरवावा, म्हणजे धातू बाहेरच्या बाजूला पसरतो. चार-पाच टिचक्या झाल्या की थांबून पाते उघडून पाहावे. मग वस्तरा उलटा करून दुसऱ्या बाजूला तेच. बेत असा की पाते अर्धे उघडले तर तिथेच थांबावे, आणि बोटाने ढकलले तर न अडखळता चालावे. शिंगाला, हाडाला आणि हस्तिदंताला जोराचा घाव सोसत नाही. भोकाजवळ एकदा तडा गेला की तो बुजत नाही.

खीळच झिजून गेली असेल किंवा वाकली असेल तर ती काढावी लागते. एका बाजूचे डोके बारीक कानशीने घासून सपाट करायचे आणि सुंब्याने खीळ बाहेर काढायची. जुनी खीळ आणि वायसर टाकून देऊ नयेत, डबीत घालून वस्तऱ्याबरोबर ठेवावेत. नवी खीळ पितळी तारेची करावी. जुन्या मापात ती इंचाचा सोळावा भाग असते. वायसरच्या वर दोन्ही बाजूंना मिलिमीटरभर तार उरली की डोके फुलवायला पुरते. त्याहून जास्त ठेवली तर ती फुलण्याऐवजी वाकते. दांडी सेल्युलॉइडची असेल तर ज्योत, तापते लोखंड आणि उन्हाची खिडकी यांपासून लांब राहावे, कारण सेल्युलॉइड भडकन पेटते.

एक सूचना कळकळीने करतो. वस्तरा चकचकीत करण्याच्या भरात पात्याचे शेपूट घासू नये. तिथे कारखान्याची मोहोर असते आणि वस्तऱ्याचे वय सांगणारा तोच कागद असतो. ब्रिटनने १८८७ मध्ये आणि हिंदुस्थान सरकारने १८८९ मध्ये व्यापारी चिन्हांचे कायदे केले, कारण परदेशी मालावर शेफिल्डचे नाव मारून विकण्याचा सुळसुळाट झाला होता. अमेरिकेने १८९० च्या जकात कायद्याने आयात मालावर देशाचे नाव सक्तीचे केले. त्यामुळे गावाबरोबर देशाचेही नाव कोरलेले असेल तर तो वस्तरा बहुधा त्यानंतरचा. खीळही साक्ष देते. दोन बाजूंचे वायसर वेगवेगळ्या धातूंचे दिसले, किंवा एक डोके सुबक आणि दुसरे ओबडधोबड असले, तर तो आपल्याकडे एकदा तरी दुरुस्त झाला आहे असे समजावे. आम्ही पाहिलेल्या एका वस्तऱ्यात मूळ खिळीच्या जागी तांब्याची तार होती. कुण्या तांबटाने किंवा सोनाराने ती इतकी नीट बसवली होती की आम्ही तिला हात लावला नाही.

उरले काय

दुमडत्या वस्तऱ्याचे राज्य संपवले ते पातळ पत्तीने. किंग कॅम्प जिलेट यांनी १९०३ मध्ये पत्तीची यंत्रे विकायला काढली तेव्हा वर्षभरात ५१ खपली. दुसऱ्या वर्षी हा आकडा ९० हजारांच्या पुढे गेला. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने ३५ लाख यंत्रांची मागणी नोंदवली आणि घरी परतलेल्या शिपायांनी ती सवय जगभर नेली. आपल्याकडच्या सलूनमध्ये वस्तरा त्यानंतरही पुष्कळ वर्षे टिकला. एड्सची जाणीव पसरल्यावर तिथेही दर गिऱ्हाइकाला नवी अर्धी पत्ती आली. त्या पत्तीच्या दांडीलाही एक खीळ आहेच. ती सैल झाली की आता कुणी ठोकत बसत नाही, दुसरी दांडी घेतात.

याबद्दल गळा काढण्याचे कारण नाही. नव्या पत्तीने रोग टळले, सकाळची वीस मिनिटे वाचली. पण घरातला जुना वस्तरा किलोच्या भावाने देण्याआधी वाचकांनी दोन गोष्टी कराव्यात अशी आमची विनंती आहे. त्याची खीळ, मोहोर आणि दांडी यांचे जवळून फोटो काढावेत आणि तो कुणाचा, कधीचा, कुठून आला ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून त्याबरोबर लिहून ठेवावे. आणि विचारतानाच आणखी एक विचारावे : हा वस्तरा येण्याआधी आपल्या घरी श्मश्रूला कोण येत असत, त्यांचे नाव काय, त्यांची मुले-नातवंडे आता कुठे असतात. आजोबांचे नाव आपल्या वंशावळीत आहे. ओटीवर बसून ज्यांनी आपल्या चार पिढ्यांच्या गळ्याशी धार धरली आणि कधी ओरखडा येऊ दिला नाही, त्यांचे नाव सांगू शकणारी माणसे आता ऐंशी-पंचाऐंशीच्या घरात आहेत. यंदा आरतीला ती मंडळी येतील तेव्हा प्रसाद हातावर ठेवताना हा प्रश्न विचारायला विसरू नये.